कोटेशनवर सही करण्याआधी कूलरची खिडकी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आरमोरीच्या पुढे हजार चौरस फुटांचं नवं स्लॅबचं घर, मागच्या दिवाळीत वास्तू झाली. पहिल्याच पावसाळ्यात कपाटामागे बुरशी, गाद्यांना वास. एका फिटरनं पूर्ण घराच्या डीह्युमिडिफायरचं, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या मशीनचं, कोटेशन दिलंय. बसवावा का, आणि बसवताना काय पाहावं?

भाऊ, मी वडसा भागात फ्रिज-एसीची कामं करतो. त्याआधी सहा वर्षं आखातात डक्टच्या, म्हणजे हवा खेळवणाऱ्या नळांच्या, कामावर होतो, तिथं अशी यंत्रं बरीच चढवली. इकडे मात्र एकच लावलं, ब्रह्मपुरीकडे एका राइस मिलवाल्यांच्या घरी. त्यात माझीच एक चूक झाली, ती खाली सांगतो.

आधी हे सांगा, तुमचा कूलर कुठे आहे? खिडकीतच असणार. आपल्याकडे तो एकदा चढला की बाराही महिने तिथंच. म्हणजे भिंतीला दोन बाय दोन फुटांचं भोक. आता हिशोब करा. हजार चौरस फूट आणि दहा फूट उंची, म्हणजे साधारण २८० घनमीटर हवा. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर एका घनमीटरात २५-२६ ग्रॅम पाणी असतं. आत २८ अंशांवर ५५ टक्के ठेवायचं तर ते १५ ग्रॅमवर आणावं लागतं. घरातली हवा एकदा बदलली की तीन लिटर पाणी आत आलं. तासाला एकदा बदलली तर दिवसाला सत्तरच्या वर. कूलरची खिडकी, स्लॅबखालचे उघडे झरोके, दाराखालची फट हे सगळं धरलं तर तासाला एकदा ही कमीच समजा. धुरा (बांध) फुटलेल्या धानाच्या बांधीत पाणी साठवायचं म्हटल्यासारखं आहे ते. मशीन कितीही मोठं घ्या, ते तुमचं घर नाही, सगळं गाव सुकवत बसेल.

तर पहिलं काम सुताराचं. कूलरच्या जागी प्लायवूड आणि कडेनं फोमची पट्टी, झरोक्यांना काच, दारांना रबर. हे न बघता कोणी मशीनचा आकार सांगत असेल तर त्यानं तो अंदाजानंच सांगितलाय. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर मात्र ती खोली अशी बंद करू नका, धूर जिवावर बेतेल. गॅस असला तरी एक्झॉस्ट पाहिजे.

दुसरं, तुमचं घर नवं आहे. स्लॅबला, प्लॅस्टरला जी तराई केली ते पाणी भिंतीतून बाहेर पडायला वर्ष-दोन वर्षं लागतात. पहिल्या पावसाळ्यातली बुरशी पुष्कळदा त्याचीच असते. घरी एक चाचणी करा. भिंतीवर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपनं चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय: तराईची, स्लॅबच्या गळतीची, नाहीतर पाया घालताना ओलप्रतिबंधक थर न दिल्यामुळे जमिनीतून चढलेली. त्यावर हे मशीन उपाय नाही. पाणी काढत राहील, भिंत ओढत राहील. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तरच दोष हवेचा.

आता समजा दोष हवेचाच निघाला. मशीन म्हणजे एसीच, फक्त दोन्ही कॉइल एका पेटीत. थंड कॉइलवर वाफेचं पाणी होतं आणि तीच हवा गरम कॉइलवरून परत खोलीत येते. घर कोरडं होतं, थंड होत नाही. उलट तापतं. दिवसाला २० लिटर पाणी निघालं तर घरात जवळपास हजार वॉटची शेगडी चोवीस तास पेटवल्याएवढी उष्णता सुटते. हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही, मग तो म्हणतो मशीन बिघडलं. म्हणून हे एसीच्या जोडीनं चालवायचं असतं. एकटा एसी का पुरत नाही? पावसाळी रात्री बाहेर २५-२६ अंश असतात, खोली लगेच थंड होते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि पाणी निघायचं थांबतं.

मशीन दिवसाला किती लिटर पाणी काढतं, तो आकडाही नीट विचारा. बरेच विक्रेते ३० अंश आणि ८० टक्क्यांवरचा आकडा सांगतात. घर कोरडं झाल्यावर, २७ अंश आणि ६० टक्क्यांवर, तेच मशीन अर्ध्याच्या आसपास देतं. आणि अमेरिकेतला भाचा तिथलं मशीन आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. ते ११५ व्होल्टचं असतं.

बसवणं असं. आपल्या घरांत डक्ट नसतो, म्हणून पेटी बाथरूमवरच्या लॉफ्टमध्ये रबरी टांगणीवर, हवा ओढायची जाळी हॉलमध्ये, आणि छोटे इन्सुलेटेड डक्ट बेडरूमांत. बेडरूमचं दार लावल्यावर हवा परत कशी येणार ते विचारा. दाराखाली पाऊण इंच फट तरी पाहिजे, आणि ही फट घरातल्या घरात चालते, बाहेरच्या दाराला नाही. दमटपणाचा सेन्सर आतल्या भिंतीवर, किचन-बाथरूमपासून लांब. फिल्टर हाताला येईल असा, नाहीतर तो कधीच धुतला जात नाही.

माझी चूक ड्रेनची, म्हणजे मशीनचं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाची. पाइपाला उतार दिला होता, फुटाला पाव इंच, पण बाहेरच्या टोकाला जाळी लावली नाही. कुंभारमाशीनं त्यात मातीचं घर केलं. पाणी मागे फिरलं आणि हॉलचं पीओपी फुगून खाली आलं. दुरुस्ती माझ्या खिशातून झाली. तेव्हापासून टोकाला जाळी, पेटीखाली दुसरा ट्रे आणि ट्रेमध्ये फ्लोट स्विच. पाणी चढलं की मशीन बंद. पाइप सरळ सेप्टिकच्या लाइनीत जोडू देऊ नका, तिथला वास घरात येतो. आणि ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा मोह होतो, घालू नका. हवेतली धूळ आणि कॉइलचा धातू त्यात उतरलेला असतो.

विजेचं म्हणाल तर स्वतंत्र एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि स्टॅबिलायझर. संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं तिथं कॉम्प्रेसर टिकत नाही. लाइट गेली-आली तर तीन मिनिटं थांबून सुरू होणारा टायमर हवाच. दोन लिटरला एक युनिट धरा. दिवसाला २० लिटर म्हणजे महिन्याला तीनशे युनिट, ते घरच्या वापरावर वेगळे, आणि बिलातला युनिटांचा स्लॅब (टप्पा) चढला की दरही चढतो.

माझं मत विचाराल तर तुमच्या घरी यंदा नको. आपल्याकडे दमट दिवस आषाढापासून अश्विनापर्यंत, एप्रिल-मेमध्ये तर हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. तेव्हा लाखाच्या आसपासची पेटी लॉफ्टमध्ये धूळ खात पडेल. दमटपणा मोजणारा एक साधा हायग्रोमीटर घ्या, खिडक्या बुजवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कपडे आणि ओलं धान आत वाळत घालू नका. एवढं करून दमटपणा ६५ टक्क्यांच्या खाली येत नसेल तर बेडरूमपुरतं चाकांचं छोटं मशीन. तेही कमी पडलं तर पुढच्या वर्षी पूर्ण घराचं.

तरीही बसवायचंच ठरलं तर फिटरला एक अट घाला. बसवल्या दिवशी ड्रेनचा पाइप बादलीत सोडायचा, दारं-खिडक्या लावून चोवीस तास चालवायचं, पाणी लिटरच्या मापानं मोजायचं आणि शेजारी हायग्रोमीटर ठेवायचा. उरलेली रक्कम ते मोजून झाल्यावर.