नवा टॅब, पहिले दिवस आणि बारीक दिसणारी अक्षरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला, निवृत्त शिक्षक. मुलाने ११ इंची अँड्रॉइड टॅब घेऊन दिलाय, वायफायवाला, सिम नाही. त्याने हौसेने दिला पण माझं मन काही रमेना त्यात. हातात धरून थोड्या वेळात मनगट भरून येतं, बॅटरी पहिल्याच दिवशी संध्याकाळी संपली, टाइप करायला गेलो तर अंगठे कीबोर्डच्या मधल्या अक्षरांपर्यंत पोचत नाहीत. मला मुख्य वाचायला हवा होता, तर जुन्या कादंबरीची पीडीएफ छान दिसते पण शासन निर्णयाची अक्षरं मुंगीएवढी. सेटिंगमध्ये फॉन्ट मोठा केला तरी पीडीएफला काही फरक नाही. परत करायला सांगू का मुलाला?

उत्तर : काका, परत करू नका, निदान आत्ता लगेच तरी नको. रिटर्नची मुदत किती आहे ते बिलावर बघून ठेवा म्हणजे घाई होणार नाही, आणि तोवर मी सांगते ते करून बघा. मीही अलीकडेच ११ इंचीच घेतलाय आणि तुम्ही लिहिलंय त्यातलं बरंचसं मलाही पहिल्या दिवसांत जाणवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वाचनाचं, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे. ११ इंच हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं, तिरकं. बहुतेक अँड्रॉइड टॅबची स्क्रीन लांबट, १६:१० प्रमाणाची असते, म्हणजे उभा धरला की रुंदी साधारण ५.८ इंच आणि उंची ९.३ इंच. आता आपल्या कथा-कादंबऱ्या बऱ्याचदा डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. असं पान या स्क्रीनवर अख्खं बसतं, उलट छापील पानापेक्षा किंचित मोठंच दिसतं! म्हणून तुमची कादंबरी छान दिसते. शासन निर्णय असतो ए-फोर कागदावर, त्याची रुंदी ८.२७ इंच, ती ५.८ मध्ये बसवायची म्हणजे पान सत्तर टक्क्यांवर येतं आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं होतं. तुमच्या डोळ्यांचा दोष नाही काका आणि टॅबचाही नाही, हिशोबच तसा आहे.

फॉन्ट साइझ वाढवून पीडीएफ का बदलत नाही, तर पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की बसवलेली असते, आणि जुनी पुस्तकं तर स्कॅन केलेली, म्हणजे प्रत्येक पान हा एक फोटोच. त्यावर सेटिंगमधल्या फॉन्टचा काहीच परिणाम होत नाही. उपाय दोन आहेत. एक, टॅब आडवा धरा. आडव्याची रुंदी ९.३ इंच होते, म्हणजे ए-फोर पान कागदापेक्षाही मोठं दिसतं, फक्त एका वेळी अर्ध्याहून थोडं कमीच पान दिसतं आणि खाली सरकवत वाचावं लागतं, शासन निर्णयासाठी हे मला तरी सगळ्यात सोयीचं वाटतं. दोन, समास कापून दाखवायची सोय असलेलं रीडर ॲप घ्या. ए-फोरला दोन्ही बाजूंना एकेक इंच समास असेल तर तो कापल्यावर मजकूर सव्वासहा इंचांचाच उरतो आणि उभ्या टॅबवरसुद्धा १२ पॉइंटचं अक्षर ११ च्या आसपास दिसतं. हे एकदा करून बघाच, फरक लगेच कळेल.

आणि वाचायला काय काय आहे बघा! महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर कितीतरी पुस्तकं फुकट उतरवता येतात, ई साहित्य प्रतिष्ठानची आहेत, मराठी विश्वकोश अख्खा ऑनलाइन आहे. मोबाइलवर ही पुस्तकं वाचणं म्हणजे ओळ डावी-उजवी सरकवत बसायचं, एक परिच्छेद धड सलग वाचून होत नाही. टॅबवर पान पानासारखं दिसतं, खालच्या टिपा, मधली चित्रं जागच्या जागी. मला टॅब आवडला तो फक्त याच एका गोष्टीसाठी, बाकी सगळं मोबाइल करतोच की.

वजनाचं म्हणाल तर ११ इंची टॅब पाचशे ग्रॅमच्या आसपास असतो, त्यात फ्लिप कव्हर घातलं की अजून वाढतं. मोबाइल दोनशेच्या आतबाहेर. त्यामुळे मोबाइलसारखा हातात उचलून धरला की मनगट भरून येणारच, तो धरायचाच नाही तसा. कव्हरचा स्टँड करून टेबलावर ठेवा, किंवा मांडीवर उशी घेऊन त्यावर. झोपून तोंडावर धरून वाचू नका, निसटला तर नाकावर येतो आणि लागतं चांगलंच.

बॅटरीची काळजी इतक्यात नको. नवा टॅब पहिले एकदोन दिवस मागच्या मागे सारखा कामात असतो, सगळी ॲप अपडेट होतात, गूगल अकाउंटमधले फोटो-कॉन्टॅक्ट येतात, सिस्टिमचं अपडेट येतं, त्यात आपणही हौसेने स्क्रीन चालूच ठेवतो. तो गरम होणं, थोडा अडखळणं हेही त्यातलंच. आठवडाभराने बघा, तेव्हाही नुसतं वाचून संध्याकाळी संपत असेल तर मग दुकानदाराला जरूर विचारा.

टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये स्प्लिट कीबोर्ड असा पर्याय बघा, कीबोर्डचे दोन भाग होऊन डाव्या-उजव्या कडेला जातात आणि अंगठे पोचतात. पण तुम्हाला मी वेगळंच सुचवेन, जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी भाषा टाका आणि माइकचं बटण दाबून बोला. मराठी चांगलं उमटतं, विरामचिन्हं आणि जोडाक्षरं तेवढी नंतर तपासायची. बोटाने लिहायचाही पर्याय आहे त्यात, टॅबवर जागा मोठी असल्याने तो मोबाइलपेक्षा पुष्कळ बरा चालतो.

प्रश्न : नवीन टॅबवर व्हॉट्सॲप आणि गूगल पे दोन्ही सुरू करायचंय. व्हॉट्सॲप नंबर विचारतं, तो दिला तर मोबाइलवरचं बंद होईल का? आणि गूगल पे तर पुढेच सरकत नाही. टॅब सिमशिवायचा आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : व्हॉट्सॲप नंबर टाकून सुरू करू नका, तसं केलं तर मोबाइलवरचं बंद होतं. मोबाइलवर व्हॉट्सॲप उघडा, वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत (आयफोनवर सेटिंगमध्ये) लिंक्ड डिव्हाइसेस असतं, तिथून टॅबवर दिसणारा क्यूआर कोड स्कॅन करा. एका मोबाइलला अशी ४ डिव्हाइस जोडता येतात आणि दोन्हीकडे मेसेज येतात. फक्त मोबाइल १४ दिवस वापरलाच नाही तर टॅबवरचं आपोआप लॉगआउट होतं, गावाला जाताना मोबाइल बंद करून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

गूगल पे, फोनपे किंवा कुठलंही यूपीआय ॲप सिमशिवायच्या टॅबवर चालणार नाही, त्याला खटपट करू नका. यूपीआय सुरू करताना त्याच डिव्हाइसवरून, बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, सुरक्षेसाठीच केलंय ते. आणि कोणी फोन करून "टॅबवर चालू करून देतो, अमुक ॲप टाका" म्हणालं तर सरळ फोन ठेवा. घरातला टॅब पोरंबाळं, पाहुणे सगळे हाताळतात, पैशाचे व्यवहार त्यावर नसलेलेच बरे असं माझं मत आहे.

प्रश्न : मुलगी दहावीला जाणार. नोट्स लिहायला आणि बालभारतीची पुस्तकं बघायला टॅब घ्यायचाय. दुकानदार म्हणतो कुठलाही घ्या, शंभर-दोनशेचा पेन मिळतो वेगळा. खरं का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : नाही, तसं नाही. तो स्वस्त रबरी टोकाचा पेन म्हणजे स्क्रीनला बोटासारखाच, लिहिताना तळहात टेकला की तिथेही रेघा उमटतात, मुलगी वैतागून सोडून देईल. खरं लिहायचं असेल तर टॅबच्या स्क्रीनमध्येच पेनची सोय असावी लागते. एकाच कंपनीच्या दोन टॅबमध्येही फरक असतो, सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब ए९ प्लसला त्यांचा एस पेन चालत नाही आणि टॅब एस६ लाइटबरोबर तो बॉक्समध्येच येतो. म्हणून दुकानात डेमोच्या टॅबवर तळहात टेकवून मुलीलाच एक ओळ लिहायला सांगा, गणिताचं एखादं समीकरण लिहून बघू दे. स्टोरेज ६४ जीबी लिहिलेलं असलं तरी त्यातलं बरंच सिस्टिमच खाते, मेमरी कार्डची जागा आहे का बघा. बालभारतीच्या पीडीएफ फुकट उतरवता येतात, पण ती पुस्तकं मोठ्या आकाराची असतात, तेव्हा ८ इंची घेऊ नका. पेनचं जमत नसेल तर साधा टॅब घ्या आणि नोट्स वहीतच लिहू द्या, बोर्डाचा पेपर तिला हातानेच लिहायचाय.