लेखनावर बर्लिनमध्ये राहता येईल का?

पुण्यात राहून चित्रकला, जुने वाडे आणि मराठी नियतकालिकांचा इतिहास यांवर मुक्त लेखन करणाऱ्याने आपल्या नऊ वर्षांच्या मुलासह बर्लिनला यावे का आणि इथे याच कामावर घर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. परवान्याचे अर्ज, विमा, बँकेतील शिल्लक यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेली असल्यामुळे मी त्यात शिरत नाही. तुमचा प्रश्न मी स्वतःला आजही विचारते आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ पक्के झालेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जर्मनीत १९८३ पासून लेखक-कलावंतांसाठी ‘क्युन्स्टलरझोत्सियालकासे’ नावाची सामाजिक विम्याची व्यवस्था आहे. आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन यांच्या हप्त्याचा निम्मा भाग लेखक भरतो. उरलेला निम्मा भाग प्रकाशकांसारख्या संस्थांकडून घेतली जाणारी पट्टी आणि केंद्र सरकारचे अनुदान यांतून येतो. आयुष्यभर लिहिलेल्या माणसाचे म्हातारपण आपल्याकडे कसे जाते हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे या व्यवस्थेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मात्र लेखन हाच आपला व्यवसाय आहे हे इथे पावलोपावली कागदांनी सिद्ध करावे लागते. आपल्याकडे दिवाळी अंकासाठी संपादकाचा फोन येतो, आपण लेख देतो आणि मानधन कधी संक्रांतीपर्यंत, कधी पाडव्यापर्यंत मिळते. या व्यवहारात करारही नसतो आणि बिलही नसते. इथल्या एका कार्यालयातील अधिकाऱ्याने माझ्या दिवाळी अंकांतील लेखांचा गठ्ठा पाहून त्यांचे करार मागितले आणि ते नाहीत म्हटल्यावर तो गठ्ठा बाजूला सारून हे काम छंदात मोडते, असे सांगितले. माझे उत्तम लेखन त्याच गठ्ठ्यात होते. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून निघण्यापूर्वी तुमच्या प्रत्येक संपादकाकडून लेखाचे नाव, तारीख आणि रक्कम लिहिलेले, सहीचे पत्र घ्या. जर्मन भाषांतर इथल्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेता येते.

आता कामाविषयी. इथले संपादक तुमच्याकडे भारत समजावून सांगणारे लेखन मागतील, तुमच्या अभ्यासातील बारकावे मागणार नाहीत. पुण्यातील एखाद्या वाड्याच्या चौकावर जर्मन मासिकात लिहायचे तर अर्धा लेख पेशवाई म्हणजे काय हे सांगण्यात जातो, आणि मराठी वाचकासाठी तोच लेख लिहायला मग वेळ उरत नाही. मी मराठी लेखन सोडले नाही, पण अनेकदा एका छायाचित्राच्या हक्कशुल्कात त्या लेखाचे सगळे मानधन संपते.

तरीही काही विषय इथे आल्यामुळेच मला उमगले. १९३३ मध्ये मुंबईला आलेला रुडॉल्फ फॉन लायडन बर्लिनमध्ये जन्मला होता. वृत्तपत्रातील कलासमीक्षेतून त्याने मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातील आधुनिक चित्रकारांना पाठबळ दिले आणि गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांचा, संग्रह करून त्यांच्यावर अभ्यासपूर्ण लेखन केले. सावंतवाडीची गंजिफा लहानपणापासून ठाऊक असूनही तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला मी या बर्लिनकराच्या लेखनातून शिकले. वास्तुकार हान्स शारून यांनी आखलेल्या, १९७८ मध्ये उघडलेल्या राज्य ग्रंथालयाच्या इमारतीत अशा विषयांवर दिवसचे दिवस काम करता येते, आणि ते सुख मी कमी लेखणार नाही.

मात्र बर्लिनच्या ब्रिट्झ भागातील, वास्तुकार ब्रूनो टाउटची नालाच्या आकाराची वसाहत पाहताना मला प्रत्येक वेळी वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळी आठवतात. टाउटच्या वसाहतीचे बांधकाम १९२५ मध्ये सुरू झाले आणि बीडीडी चाळीही त्याच दशकातल्या. दोन्हीकडे सर्वसामान्य कुटुंबांना घरे देण्याचा सार्वजनिक प्रयत्न होता. टाउटने घरांना उजेड, हवा आणि बागा दिल्या, तर चाळीत एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामाईक शौचालय मिळाले. टाउटची वसाहत २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. चाळी पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत. राहणाऱ्यांना मोठे घर मिळायलाच हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या गॅलऱ्यांमध्ये उभे राहून, माणसांशी बोलून, मोजमापे घेऊन लिहायला हवे होते त्या वर्षांत मी इथे दुसऱ्याची जतन केलेली वसाहत पाहत होते. वास्तूवर लिहिणाऱ्याला दूर राहण्याची ही किंमत मोजावी लागते आणि कुठलेही ग्रंथालय ती भरून देत नाही.

एकटेपणाची काळजी करू नका. लिहिणारा पुण्यातही एकटाच बसतो.

मुलाच्या शाळेची काळजी मात्र जरूर करा. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते आणि पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जावे याबद्दल शाळा आपले मत देते. माझी मुलगी चौथीत आली, काही काळ नवागतांच्या वर्गात बसली आणि अवघ्या दोन वर्षांच्या जर्मनवरून तिला गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, झेपणार नाही, असे लिहून दिले गेले. घरी मराठी बोलणे थांबवा, असेही सुचवण्यात आले. आम्ही ते थांबवले नाही. दुसऱ्या प्रकारच्या शाळेतूनही आबिटुर ही विद्यापीठप्रवेशासाठीची शालान्त परीक्षा देता येते आणि ती आज उत्तम शिकते आहे, पण तो कागद हातात घेऊन आलेल्या मुलीचा चेहरा आठवला की मला आजही शांतपणे बोलता येत नाही. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे यायचे असेल तर लवकर या आणि त्याचे जर्मन पुण्यातच सुरू करा.

तुमच्या पुढच्या पाच वर्षांच्या कामाचे दोन भाग करून पाहा. नियतकालिकांच्या इतिहासाचे काम इथे बसून बरेच पुढे नेता येईल. वाड्यांचे काम निघण्यापूर्वी संपवा आणि ते संपत नसेल तर निघणे पुढे ढकला. यादी तयार झाली की मला पाठवा. त्यातले काय इथे होण्यासारखे आहे ते एकेक विषय पाहून सांगेन.