लस दोघांनी घेतली, कणकण एकीलाच का?

प्रश्न : माझे वय 68 आणि यजमानांचे 74. मे महिन्यात आम्ही दोघांनी एकाच दवाखान्यात, एकाच दिवशी फ्लूची लस घेतली. त्या रात्री माझा दंड सुजून लाल झाला, हात वर नेऊन केस विंचरता येईनात, अंगात कणकण भरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पडून होते. यजमान मात्र पहाटे नेहमीप्रमाणे फिरायला गेले. मला ही लस सोसत नाही, तेव्हा पुढच्या वर्षी मी ती घेऊ नये, असा त्यांचा आग्रह आहे. ही लस बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळी लागू पडते का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : यजमानांची काळजी मनापासूनची आहे, परंतु त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. आपल्याकडे टोचली जाणारी फ्लूची लस मृत विषाणूंच्या अंशांपासून केलेली असते, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही. दंड सुजणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस बारीक ताप राहणे, ही शरीराने लसीची दखल घेतल्याची खूण असते. ही लक्षणे स्त्रियांमध्ये अधिक प्रमाणात आढळतात, हे अनेक देशांतील अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे आणि ज्येष्ठ स्त्रियाही त्याला अपवाद नाहीत. ताप दोन-तीन दिवसांनंतरही उतरला नाही किंवा धाप लागली, तर मात्र ती लसीची कणकण समजून घरी बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आता आपला मूळ प्रश्न. लस किती लागली हे साधारणपणे रक्तातील प्रतिपिंडांवरून, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या प्रथिनांवरून, मोजतात. प्रयोगशाळेत रक्तद्रव 10 पट, 20 पट, 40 पट असा पातळ करत नेतात आणि तबकडीच्या प्रत्येक खळग्यात फ्लूचा विषाणू व कोंबडीसारख्या पक्ष्याच्या तांबड्या पेशी घालतात. प्रतिपिंडे पुरेशी असली तर ती विषाणूला अडवतात आणि पेशी खळग्याच्या तळाशी लाल टिकलीसारख्या गोळा होतात. ती अपुरी पडली तर विषाणू पेशींना एकमेकींत गुंतवून ठेवतो आणि टिकली दिसत नाही. 40 पट पातळ केल्यावरही टिकली दिसली, तर संरक्षणाची शक्यता बऱ्यापैकी आहे असे ढोबळमानाने मानले जाते. या कसोटीवर एकाच मात्रेनंतर स्त्रियांचे आकडे पुष्कळदा पुरुषांपेक्षा वर राहतात.

याची कारणे एकाहून अधिक आहेत. विषाणूची चाहूल लावणारा एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. स्त्रीच्या पेशीत या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. त्यांपैकी एक बहुतांशी निद्रिस्त असली, तरी हा जनुक काही पेशींमध्ये तिच्यावरही जागा राहतो. दुसरे कारण संप्रेरकांचे. इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधील प्रमुख संप्रेरक प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना साहाय्यक ठरते, तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांमधील प्रमुख संप्रेरक उलट दिशेने ओढते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन अधिक होते त्यांचा फ्लूच्या लसीला मिळणारा प्रतिसाद क्षीण आढळला होता. पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन घटते आणि तरुणपणी दिसणारे अंतर पुढे कमी होत जाते. ते प्रत्येक अभ्यासात सारखेच राहत नाही, परंतु साठीनंतर ते सरसकट पुसले जाते असेही नाही. अर्थात वय वाढले की प्रतिकारशक्ती दोघांचीही मंदावते.

यातून आपल्या घरापुरता अर्थ काढताना एक सावधगिरी बाळगावी. दंड जितका सुजला तितके संरक्षण अधिक, असे समीकरण मांडता येत नाही. आपल्याला कणकण आली म्हणून आपण अधिक सुरक्षित आणि यजमानांना काहीच जाणवले नाही म्हणून त्यांची लस वाया गेली, असे मुळीच समजू नये. माझ्या दवाखान्यात असे अनेक गृहस्थ येतात, जे दंडावरचा कापसाचा बोळा काढता काढता 'काही कळलंसुद्धा नाही' असे सांगतात. त्यांतल्या काहींची पत्नी आठवड्याने येऊन, हे दोन रात्री त्या कुशीवर झोपू शकले नाहीत, असे हळूच सांगून जाते. पुरुष दुखणे कमी बोलून दाखवतात, हाही आकड्यांमधल्या फरकाचा एक भाग असू शकतो.

आपण पुढच्या वर्षी लस अवश्य घ्यावी. टोचलेल्या जागी थंड पाण्याची घडी ठेवावी, गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे आणि शक्य असेल तर त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा भार दुसऱ्या कोणावर तरी सोपवावा. मला ही सूचना औषधाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण 'मी आडवी पडले तर घरचे कोण पाहील' या एका विचाराने लस टाळणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : स्त्रियांना फ्लूच्या लसीची अर्धी मात्रा पुरते असे वाचनात आले. पत्नी 66 वर्षांची आहे आणि तिला लसीचा त्रास होतो. तिला अर्धी मात्रा देण्याची विनंती डॉक्टरांना करावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नये. आपण वाचले ते बहुधा 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाविषयी असावे. 2004 मध्ये तेथे लसीचा तुटवडा पडला असताना तो करण्यात आला होता आणि त्यात अर्धी मात्रा घेतलेल्या स्त्रियांची प्रतिपिंडे पूर्ण मात्रा घेतलेल्या पुरुषांच्या जवळपास पोहोचली होती. परंतु त्यात सहभागी झालेले लोक निरोगी आणि 18 ते 64 वयाचे होते. आपल्या पत्नी त्या वयोगटात बसत नाहीत. ज्या वयात पूर्ण मात्राही अपुरी पडण्याची भीती असते, त्या वयात ती निम्मी करणे धोक्याचे आहे. पत्नींसाठी 0.5 मिलिलिटरची पूर्ण मात्राच योग्य.

प्रश्न : माझे वय 72 असून दहा वर्षांपूर्वी माझी बायपास झाली आहे. जूनमध्ये पुण्यात फ्लूची लस घेतली. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे मुलाकडे न्यू जर्सीला जात आहोत. तिकडे ज्येष्ठांना अधिक ताकदीची लस देतात असे तो म्हणतो. पुन्हा घ्यावी का? ती फक्त पुरुषांसाठी असते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घ्यावी, आणि दोघांनीही घ्यावी. महाराष्ट्रात फ्लूचा जोर मुख्यतः पावसाळ्यात असतो, म्हणून जूनची लस योग्यच होती. अमेरिकेत तो हिवाळ्यात, बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारीत वाढतो आणि तोवर जूनमधल्या लसीचा प्रभाव ओसरू लागलेला असेल. ज्येष्ठांमध्ये तो लवकर ओसरतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटना उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी लसीत कोणते विषाणू असावेत हे वर्षातून दोनदा सुचवते, त्यामुळे दोन्ही लसींचे घटक वेगळे असू शकतात. दोन लसींमध्ये किमान 4 आठवड्यांचे अंतर असावे. आपल्या बाबतीत ते सहज पाळले जाते.

मुलाने सांगितलेल्या लसीत प्रत्येक विषाणूप्रकाराचा मुख्य घटक 15 ऐवजी 60 मायक्रोग्रॅम, म्हणजे चौपट असतो. अमेरिकेत तिला 2009 मध्ये परवानगी मिळाली. 65 वर्षांवरील सुमारे 32 हजार व्यक्तींवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या लसीच्या तुलनेत ती घेणाऱ्यांमध्ये फ्लूचे रुग्ण सुमारे 24 टक्क्यांनी कमी आढळले. 2022 पासून तेथे 65 वर्षांवरील स्त्री-पुरुष दोघांनाही ही किंवा तिच्यासारखी विशेष लस प्राधान्याने देण्याची शिफारस आहे. दंडाचे दुखणे तिच्याने थोडे अधिक होते, याची कल्पना पत्नींना आधीच द्यावी.

आपल्या बायपासमुळे मी विशेष आग्रहाने लिहीत आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या 7 दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीच्या सुमारे सहा पट आढळली होती. तेव्हा प्रकृती ठणठणीत वाटते म्हणून हे काम तिकडे गेल्यावर लांबणीवर टाकू नये. लसीचा परिणाम होण्यास सुमारे 2 आठवडे लागतात, म्हणून पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ती घ्यावी. जूनमध्ये घेतलेल्या लसीचे नाव व तारीख लिहिलेला कागद औषधांच्या पिशवीत बरोबर ठेवावा. तेथील डॉक्टर तो प्रथम मागतील.