दूध थांबवा, जेवण थांबवू नका

तुमचा प्रश्न असा: पार्किंगमध्ये सापडलेलं साधारण दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू, घरी येऊन चार दिवस झालेत. दोन दिवसांपासून दिवसाला चार-पाच वेळा पातळ शी होतेय, पण खेळतंय आणि खातंयही. दूध-पोळी आणि पाकिटातलं किटन फूड दोन्ही सुरू आहे. आणि शेजारच्या काकू म्हणतात, एक दिवस उपाशी ठेवा आणि जुलाब थांबवायची आपली माणसांची गोळी पाव तुकडा द्या. काकूंच्या दोन्ही सल्ल्यांना गोड बोलून नाही म्हणा.

लंघन माणसाला मानवतं. सात-आठशे ग्रॅमच्या जिवाकडे साठवलेलं काही नसतंच. दिवसभर पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर उतरते, अंग गार पडतं आणि मग जुलाब राहिले बाजूला, पिल्लू शुद्धीवर आणण्याची धावपळ सुरू होते. गोळीचं तर नावच नको. जुलाब थांबवणारी गोळी आतड्यांची हालचाल बंद पाडते, त्यामुळे संसर्ग असला तर तो आतच कोंडला जातो. अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल देणारेही भेटतात. एक गोळी मोठ्या बोक्यालाही मारू शकते, कारण मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. लहान बाळाला देतात तसं जायफळ उगाळून चाटवणंही नको.

आता दूध. मांजर म्हटलं की आपल्याकडे बशीभर दूध आलंच, पण आईचं दूध सुटत आलं की दुधातली साखर पचवण्याची ताकद पिल्लात कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि शी पातळ होते. त्यात चार दिवसांत घर नवं, माणसं नवी, पाकिटातलं खाणं नवं. एवढ्यानेही पोट बिघडतं. तेव्हा दूध आणि पोळी आजपासून बंद. दोन-तीन दिवस उकडलेलं चिकन, हाडं काढून, बारीक कुस्करून, ते ज्यात उकडलं त्या कोमट पाण्यासकट. मीठ, मसाला काही नाही. रश्श्यातला तुकडा धुऊन देऊ नका, कांदा-लसूण त्यात मुरलेला असतो आणि कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एकदम पोटभर नको, दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं. शी घट्ट झाली की किटन फूड हळूहळू मिसळत आठवड्याभरात पूर्ण त्यावर आणा. नुसत्या चिकनवर पिल्लू वाढत नाही, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं.

पाणी सतत समोर हवं. पीत नसेल तर सुईशिवायच्या सिरिंजने गालाच्या बाजूने थेंब थेंब सोडा. तोंड वर करून ओतलंत तर श्वासनलिकेत जाईल.

रस्त्यावरच्या पिल्लात जंत आहेत असं धरूनच चालायचं. गोल जंत आईच्या दुधातूनच येतात. हातपाय काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, ही त्यांची खूण. जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांकडूनच घ्या. दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायचंच, कारण पहिला डोस आतड्यातले मोठे जंत मारतो, अंगात फिरणाऱ्या अळ्या नंतर तिथे पोचतात. औषधानंतर शीत शेवयांसारखं काही दिसलं तर घाबरू नका. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर मात्र तो वेगळा, चपटा जंत. तो पिसवांमधून येतो, त्याचं औषधही वेगळं आणि पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय जात नाही.

इथे माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. माझ्याकडे आलेल्या एका भुऱ्या पिल्लाला मी दीड महिन्यात तीनदा जंताचं औषध पाजलं. शी शेंबडासारखी, अधूनमधून रक्ताची रेघ, आणि मी आपला जंत, जंत करत बसलो. शेवटी शी तपासली तेव्हा कळलं, कॉक्सिडिया. तो एकपेशीय जीव, नेहमीच्या जंताच्या औषधाला तो दाद देत नाही. योग्य औषध मिळाल्यावर दहा दिवसांत गडी शेपूट वर करून फिरायला लागला. म्हणून ताजी शी चमचाभर, स्वच्छ डबीत, डॉक्टरांकडे जाताना सोबत न्याच. जिआर्डिया नावाचा आणखी एक आहे, तो प्रत्येक शीत सापडतोच असं नाही, म्हणून दोन-तीन दिवसांचे नमुने मागितले तर कंटाळू नका.

खेळतंय, खातंय, ही तुमच्याकडची सर्वांत चांगली बातमी. पातळ शीपेक्षा मी पिल्लाकडेच जास्त बघतो. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच बसली पाहिजे. हिरड्या ओल्या आणि गुलाबी हव्यात, बोटाला चिकट लागल्या तर अंगातलं पाणी कमी झालंय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. या वयात ते वाढायला हवं, सलग दोन दिवस उतरलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

खाणं सोडलं, वारंवार उलटी झाली, शीत रक्त आलं, कान-पंजे गार लागले किंवा वाटीवर तोंड ठेवून नुसतंच बसून राहिलं, तर तासाभरात निघा, सकाळची वाट बघू नका. लस न झालेल्या पिल्लात हा पॅनल्यूकोपेनिया असू शकतो. कुत्र्यांच्या पार्वोच्या कुळातला हा विषाणू पिल्लू एक-दोन दिवसांत नेतो. वेळेत सलाइन आणि उपचार मिळाले तर वाचतातही. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, पण जुलाब थांबून पिल्लू ठणठणीत झाल्यावरच द्यायची. घरात दुसरं मांजर असेल तर तोवर दोघांची खोली, वाटी, शी-शूचा ट्रे वेगळे.

एक विसरत होतो, दोरा. गजऱ्याचा, हाराचा, शिलाईचा. तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, आतून आतडं कापलं जातं. थेट दवाखाना.

ट्रे आणि फरशीला फिनेल वापरत असाल तर आजच बंद करा. पॅरासिटामॉलची जी अडचण, तीच याची, मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. फरशीवर चालून पिल्लू पंजे चाटतं. शी पुसून काढा, साबणाने धुवा, मग 1 भाग ब्लीच 32 भाग पाण्यात मिसळून 10 मिनिटं ठेवा, पुन्हा धुऊन पूर्ण वाळवा. फिनेल किंवा ॲसिडमध्ये ब्लीच मिसळू नका. ट्रे साफ केल्यावर हात साबणाने, मुलांचेही, कारण गोल जंत माणसालाही लागतात.

खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना शोधा, मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. नाव बैल-घोड्याचं असलं तरी मांजरं बघतात. पिल्लू टोपलीत किंवा जाळीच्या पिशवीत न्या, कडेवर नको, रांगेतला कुत्रा भुंकला की ते तुमच्या खांद्यावरून उडी मारेल.