आयव्हीचे दोन आकडे आणि निकालाआधीचा स्ट्रॅडल

आपण कळवल्याप्रमाणे, ज्या कंपनीवर आपले लक्ष आहे तिचा तिमाही निकाल दोन दिवसांवर आला आहे, शेअर १,५०० रुपयांवर आहे आणि एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायला, नऊ दिवस असताना त्याच स्ट्राइकचे (म्हणजे त्याच ठरलेल्या भावाचे) कॉल (शेअर घेण्याचा हक्क) व पुट (शेअर विकण्याचा हक्क) मिळून ७५ रुपयांना पडतात; ही जोडी म्हणजेच स्ट्रॅडल. ५०० शेअरच्या एका लॉटसाठी (सौद्याच्या ठरलेल्या गठ्ठ्यासाठी) लागणारे ३७,५०० रुपये मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या दीड लाखातून काढायचे आपण योजले आहे. एक प्लॅटफॉर्म आयव्ही (ऑप्शनच्या भावात धरलेली शेअरच्या चढउताराची अपेक्षा, टक्क्यांत) ४० आणि आयव्ही रँक ४० दाखवतो, दुसरा आयव्ही ४४ आणि पर्सेंटाइल ९१. तेव्हा ‘रँक कमी म्हणजे ऑप्शन स्वस्त’ असे मानून खरेदी करावी का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर नाही असे आहे.

आयव्ही, म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, बाजारात थेट ठरत नाही. बाजारात ठरतो तो प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, आणि तो ऑप्शनची किंमत काढण्याच्या ब्लॅक-शोल्स सूत्रात घालून प्लॅटफॉर्म उलट गणिताने आयव्ही काढतो. कोणी शेवटच्या सौद्याचा भाव घेतो, कोणी खरेदी-विक्रीच्या बोलींचा मध्य. व्याजदर आणि उरलेले दिवस मोजण्याची रीतही सर्वांची एकच नसते, त्यामुळे ४० आणि ४४ हा फरक गणिताच्या पद्धतीतून येऊ शकतो. ज्या स्ट्राइकमध्ये बराच वेळ सौदाच झालेला नाही, तिथला आकडा तर शिळ्या भावावर बेतलेला असू शकतो.

रँक आणि पर्सेंटाइल यांतला विरोध मात्र वरवरचा आहे. रँक हे वर्षातील नीचांक आणि उच्चांक यांच्या दरम्यानचे आजचे स्थान असते: वर्षभरात आयव्ही २० ते ७० मध्ये फिरली असेल, तर ४० ची रँक ४० येते. पण ७० चा तो उच्चांक एखाद्याच घबराटीच्या दिवशीचा असेल, तर तो रँक खाली दाबतो. पर्सेंटाइल मात्र दिवस मोजतो. ९१ म्हणजे वर्षातील ९१ टक्के दिवशी आयव्ही आजच्याहून कमी होती. आपले ऑप्शन महाग आहेत.

आयव्ही वार्षिक असते. ४० टक्क्यांना नऊ दिवसांच्या हिशेबात बसवले, म्हणजे ३६५ पैकी ९ दिवसांच्या वर्गमुळाने गुणले, की १,५०० रुपयांच्या शेअरवर सुमारे ९४ रुपयांची हालचाल निघते. बाजाराने ती आधीच भावात धरली आहे. निकालानंतर अनिश्चितता सरते आणि आयव्ही बहुधा उतरते. ती २५ वर आली आणि शेअर जागचा हलला नाही, तर सात दिवस उरलेल्या स्ट्रॅडलची किंमत ४२ रुपयांच्या आसपास राहील, म्हणजे लॉटमागे साधारण १६,५०० रुपयांचा तोटा. शेअर ४५ रुपयांनी वर गेला तरी ती ५६ च्या घरात असेल. शेअर हलेल हा अंदाज न चुकताही पैसे जाऊ शकतात, हे आपण नीट लक्षात घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शिवाय आपल्या देशात शेअरच्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. एक्स्पायरीपर्यंत नफ्यातला कॉल हातात राहिला, तर साडेसात लाखांचे शेअर घ्यावे लागतील, आणि आपल्याजवळ दीड लाखच आहेत.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात वायदे-ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला. प्रवेशाचे पैसे मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडातच राहू द्यावेत. विषय समजून घ्यायचा असेल, तर निकालाच्या आदल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी, एकाच प्लॅटफॉर्मवर, या दोन्ही ऑप्शनचा प्रीमियम आणि आयव्ही वहीत टिपून ठेवा. पुढचे दोन-तीन तिमाही निकाल असेच नोंदवल्यावर आपण पुन्हा बोलू.