रात्री झोप लागत नाही, मेंदूत बिघाड झालाय का?

फोंड्याकडच्या एक बाई आल्या होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). रात्री साडेनऊला आडवं व्हायचं आणि एक वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. त्यात मुलाने मनगटावर बँड बांधून दिलेला, तो रोज सकाळी दाखवणार डीप स्लीप कमी. "मॅडम, मेंदूत काय बिघाड असेल का, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) काढून घेऊ?" विचारताना डोळे भरून आले त्यांचे. हीच भीती घेऊन बरेच जण येतात म्हणून सविस्तर लिहितेय.

दिवसभराचं विचारलं तर पहाटे पाचला उठणं, पूजा, स्वयंपाक आणि मग हुमण-भात जेवून दोन ते साडेचार गाढ झोप. आपल्याकडे गोव्यात दुपारी दुकानंसुद्धा बंद, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पण साडेचारला उठून साडेनऊला परत झोपायला जायचं म्हणजे जागेपणा झाला फक्त पाच तासांचा!

आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत एडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, झोपेचा दाब, म्हणजे झोपेची गरज, वाढतो, आणि हे ईईजीत चक्क दिसतं बरं का. जागरण लांबलं की जागेपणीच थीटा नावाच्या संथ लहरी वाढायला लागतात आणि झोप लागली की त्याहून संथ, मोठ्या डेल्टा लहरी, म्हणजे गाढ झोपेच्या लहरी, येतात, सेकंदाला चारपेक्षा कमी. जागरण जास्त तितक्या त्या सुरुवातीच्या झोपेत जोरदार, मग रात्र सरेल तशा ओसरतात. झुरिकचे झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडलं की हा दाब आणि शरीराचं घड्याळ, दोघं मिळून झोप ठरवतात. दुपारी लांब झोप काढली की दाब तिथेच उतरतो, संध्याकाळी भजी-पाव पोटभर खाल्ल्यावर रात्री जेवण जात नाही ना, तसंच.

बँडचं म्हणाल तर तो हाताची हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतो, लहरी त्याला दिसत नाहीत. शिवाय वयाप्रमाणे डेल्टा कमी होतातच, सगळ्यांच्या. नुसत्या एवढ्या तक्रारीसाठी ईईजीची गरज नसते, हे ऐकूनच बाईंचा चेहरा सैल झाला.

मग ठरवलं, दुपारी वीस मिनिटांचा अलार्म, तोही तीनच्या आत. चारनंतर चहा नाही कारण कॅफीन एडिनोसिनचं काम अडवतं, आणि अकराच्या आधी बिछान्यात जायचं नाही. पहिला आठवडा कठीणच गेला, फोन आला की "मालिका बघता बघता मान पडते हो, खुर्चीवरच झोपू का?" मला खूप बरं वाटलं, दाब साठतोय म्हणजे! म्हटलं खुर्चीवर नको, उठा, अंगणात फेरी मारा, भांडी लावा, अकरापर्यंत कसंही करून काढा. हळूहळू साडेअकराच्या सुमारास डोळा लागायला लागला. पहाटे तीनला बाथरूमसाठी जाग येते अजून, पण परत झोपतात.

सुरुवातीलाच मी त्यांना घोरण्याबद्दल आणि मन उदास असतं का ते विचारून घेतलं होतं. तुमचा घोरताना श्वास अडकत असेल, दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल किंवा कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, ते दुपारची झोप कमी करून सुटणारं नाही.