डिस्ने वर्ल्डची आगाऊ पैसे भरायची जेवणाची योजना आम्हा सहा शाकाहारी माणसांना परवडेल का?

तुमचा प्रश्न मला असा कळला : मे महिन्यात पाच रात्री ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डच्याच हॉटेलात उतरायचे आहे, तुम्हा दोघांबरोबर सासू-सासरे, अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी आहे, घरातले सगळे शाकाहारी आहेत, आणि नाशिकमधला तुमचा ट्रॅव्हल एजंट सांगतो आहे की, जेवणाची योजना आताच घेऊन टाका, म्हणजे तिकडे पुन्हा खिशात हात घालावा लागणार नाही. माझे उत्तर आहे की सहाही जणांसाठी ती सरसकट घेऊ नका. मीही नाशिकचीच, गंगापूर रोडला राहते. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघे, सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी, ही योजना घेऊनच गेलो होतो. तिथे रोज रात्री मी खाण्याचा खर्च वहीत मांडत असे, आणि पुढचे बरेचसे त्या वहीतलेच आहे.

आधी योजनेचे स्वरूप नीट समजून घ्या, कारण एजंट ते दोन वाक्यांत उरकतात. ही योजना २००५ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये कोविडमुळे बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा मिळू लागली. तिचे दोन प्रकार आहेत. पहिला काउंटरवरच्या जेवणाचा : प्रत्येक माणसाला दर रात्रीमागे दोन जेवणे आणि एक स्नॅक. दुसरा टेबलावर बसून जेवण्याचा : दर रात्रीमागे एक काउंटरचे जेवण, एक टेबलावरचे जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत प्रत्येकाला पेयाचा एक मग मिळतो. तो हॉटेलातल्या यंत्रावर हवा तितक्या वेळा भरून घेता येतो, पार्कमध्ये मात्र नाही. काउंटरच्या जेवणात एक मुख्य पदार्थ आणि एक पेय येते, टेबलावरच्या जेवणात त्याला एक गोड पदार्थ जोडलेला असतो. स्टार्टर येत नाही आणि टिप येत नाही. २००८ च्या आधी या दोन्ही गोष्टी योजनेत धरलेल्या असत, त्यामुळे त्या काळी जाऊन आलेला एखादा नातेवाईक ‘डोळे मिटून घ्या’ म्हणाला, तर त्याने घेतलेली योजना वेगळी होती हे लक्षात ठेवा. शिवाय टेबलावर सहा किंवा अधिक माणसे असली की बिलावर १८ टक्के टिप आपोआप लागते. तुम्ही बरोबर सहा आहात.

आम्ही गेलो तेव्हा काउंटरच्या योजनेचा दर दहा वर्षे आणि त्यावरील माणसाला दर रात्री ५७.०१ डॉलर, तर तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला २३.८३ डॉलर होता. टेबलाच्या योजनेचे दर अनुक्रमे ९४.२८ आणि २९.६९ डॉलर होते. तुमचा अकरा वर्षांचा मुलगा यात मोठा माणूस ठरतो. आमच्या मुलाच्या बाबतीत हे आम्हाला पैसे भरताना कळले, आणि बारा वर्षांचा मुलगा बापाइतकाच जेवतो असे गृहीत धरून आम्ही पुढे गेलो. तो राइड्सच्या रांगांत इतका दमायचा की, संध्याकाळी त्याला फक्त फ्रेंच फ्राइज हव्या असायच्या. त्यानंतर दर बदलले आहेत, तेव्हा तुमच्या तारखांचे दर एजंटाकडून लिहून घ्या; हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

तिथल्या काउंटरवर एक शाकाहारी मुख्य पदार्थ आम्हाला साधारण १३ डॉलरला आणि थंड पेय ५ डॉलरच्या आत पडत होते. म्हणजे एक जेवण १८ डॉलरचे, दोन जेवणे ३६ ची. त्यात साडेसहा डॉलरचा स्नॅक मिळवला आणि साडेसहा टक्के विक्रीकर धरला, तर ४५ डॉलर होतात, आणि मगाची किंमत पाच दिवसांवर वाटली तर ५० च्या जवळ पोचतो. योजनेचे ५७ गेले. हा हिशेब दोन्ही जेवणांना थंड पेय घेणाऱ्या माणसाचा आहे. सासूबाई थंड पेयाला हात लावत नाहीत. काउंटरवर बर्फाचे पाणी मागितले की पेलाभर फुकट मिळते, आणि त्या तेच घेत. त्यांच्या खाण्याचा पूर्ण दिवसाचा खर्च, दोन्ही वेळा वेगळी थाळी घेतली असती तरी, ३५ डॉलरच्या वर गेला नसता. प्रत्यक्षात त्या वेगळी थाळी घेतच नव्हत्या. डिस्ने वर्ल्डच्या अ‍ॅनिमल किंगडम या पार्कमधल्या सातुली कँटीनमध्ये भात, भाज्या आणि टोफू असलेला वाडगा मिळतो. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर तो ठेवला, तेव्हा त्यांनी चमच्याने मधोमध रेघ ओढली, अर्धा भाग नातवाच्या ताटात सरकवला आणि उरलेल्यातलाही टोफू वेचून बाजूला ठेवला. त्या अर्ध्या वाडग्यासाठी आम्ही नाशिकहून निघण्यापूर्वीच पूर्ण जेवणाचे पैसे भरलेले होते.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. योजना घ्यायची तर एका बुकिंगवरच्या तीन वर्षांवरील प्रत्येकासाठी घ्यावी लागते; भूक असणाऱ्यासाठी घेतली आणि नसणाऱ्यासाठी सोडली, असे करता येत नाही. म्हणून पदार्थ महाग आहेत की स्वस्त हे बघण्याआधी आपल्या घरात सगळ्यात कमी कोण जेवते ते बघावे. एकवेळ जेवणारे सासरे, संकष्टी आणि एकादशी करणाऱ्या सासूबाई, कुठल्याही नव्या चवीला नाक मुरडणारे मूल, या प्रत्येकाचे दर रात्रीचे ५७ डॉलर योजनेच्या खर्चाच्या पारड्यात पडतात. २०२४ च्या दराने तुमच्या सहा जणांचे पाच रात्रींचे १,५४४ डॉलर आणि ४० सेंट होतील आणि त्यातले ५७० केवळ आजी-आजोबांचे असतील. एका खोलीतल्या माणसांची न वापरलेली जेवणे एकत्र जमा राहतात आणि उद्या दुसरा कोणी ती वापरू शकतो हे खरे. परंतु आजीचे उरलेले जेवण संपवायला घरात दुसरी भूकही असावी लागते.

यावर एक वाट आहे आणि ती आम्हाला कोणी सांगितली नाही. तुम्ही सहा जण असल्याने बहुधा दोन खोल्या लागतीलच. त्या दोन खोल्यांची दोन स्वतंत्र बुकिंगे करा. योजना बुकिंगला जोडलेली असते, त्यामुळे सासू-सासऱ्यांची खोली योजनेविना ठेवता येते आणि तुमच्या चौघांच्या खोलीचा निर्णय वेगळा घेता येतो. मात्र चौघांची जेवणे आजी-आजोबांवर खर्च करण्याचा विचार मनात ठेवू नका, कारण ती दुसऱ्याला देता येत नाहीत असा नियम आहे. त्यांच्या जेवणाचे पैसे त्या-त्या वेळी कार्डाने द्या. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लागतो तो धरूनही हे स्वस्त पडते.

आता तुमच्या मुलीची बाब, कारण तिथे पारडे फिरते. लहान मुलांचा दर इतका कमी आहे की, मिकी किंवा राजकन्यांच्या वेषातली पात्रे टेबलापाशी येऊन भेटतात अशा एका बुफेचे लहान मुलाचे बिलच टेबलाच्या योजनेच्या एका दिवसाच्या दरापेक्षा अधिक होते. त्यातून २०२६ साठी डिस्नेने असे जाहीर केले आहे की, बरोबरच्या मोठ्यांनी योजना घेतली, तर तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना ती मोफत मिळेल. तुम्ही २०२६ मध्येच जाणार असाल आणि पाचपैकी तीन-चार दिवस असे पात्रांचे बुफे घ्यायची खरोखर इच्छा असेल, तर तुमच्या चौघांसाठी टेबलाची योजना विचारात घेण्याजोगी आहे. मोठ्यांचा बुफे ६० डॉलरच्या आसपास धरला, तर त्या दिवसाचा योजनेचा दर जवळजवळ वसूल होतो. पण टेबलावर बसून शाकाहारी पास्ता, एक गोड पदार्थ आणि सरबत घेतले, तर तेच जेवण ४० डॉलरच्या आत राहते आणि त्या दिवशी माणशी वीसेक डॉलर अंगावर येतात. एकवीस वर्षांवरील माणसाला पेय म्हणून बिअर, वाइन किंवा कॉकटेल घेण्याची मुभा असते. ज्यांना आपल्या पैशांचे चीज झाले असे वाटते त्यांत हे घेणारे आणि महागडा मांसाहारी पदार्थ मागवणारे पुष्कळ असतात. आपल्यासारख्या घराने त्यांच्या अनुभवावर जाऊ नये. आणि काही खास रेस्टॉरंटांत, उदाहरणार्थ मॅजिक किंगडम या पार्कच्या किल्ल्यातल्या सिंड्रेलाज रॉयल टेबलमध्ये, एका वेळेस दोन जेवणे वजा होतात, हेही आधी पाहून घ्या.

शाकाहाराबद्दल तुम्ही काळजी व्यक्त केली आहे, ती योजनेपेक्षा वेगळी ठेवा. उपाशी राहायची वेळ येत नाही. मेन्यूवर हिरव्या पानाचे चिन्ह असलेल्या पदार्थात मांस, दूध, अंडे आणि मध यांपैकी काहीही नसते. तिकडे नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की त्यात अंडे चालते असे समजतात, म्हणून सासूबाईंसाठी पानाचे चिन्हच शोधावे. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या ‘सना’ रेस्टॉरंटमध्ये नान आणि अनेक चटण्यांचे मोठे ताट मिळते. चार दिवसांनी ते समोर आले तेव्हा आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतले. ते योजनेत कसे मोजतात हे मागवण्यापूर्वी वेटरला विचारा, कारण स्टार्टर योजनेबाहेर असतो.

आपल्याकडच्या बहुतेक वॉटर पार्कांच्या दारात पिशव्या तपासून डबा काढून घेतात, म्हणून आपण गृहीत धरतो की तिथेही आतच खावे लागेल, आणि या समजुतीमुळे योजना अपरिहार्य वाटू लागते. डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःच्या खाण्यापुरते अन्न आत नेता येते. काचेची भांडी, दारू आणि गरम करावे लागणारे पदार्थ चालत नाहीत, एवढेच. सासूबाईंनी नेलेला चिवडा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही पहिले दोन दिवस बाकावर बसून खाल्ली आणि कोणी हटकले नाही. अमेरिकेत उतरताना कस्टमच्या प्रश्नाला ‘खाद्यपदार्थ आहेत’ असे स्पष्ट उत्तर द्या आणि ताजी फळे मुळीच नेऊ नका.

भुकेच्या वेळांचाही विचार करा. मे महिन्यात ऑरलँडो नाशिकच्या साडेनऊ तास मागे असते. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा आपल्या शरीराचे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. पहिले दोन दिवस आमची मुलगी रात्रीच्या जेवणाआधीच खांद्यावर झोपलेली असे आणि त्या दोन रात्रींची जेवणे जमा होत गेली. हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री जे उरते ते संपते. त्याचे पैसे परत मिळत नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री आमच्याकडे सात स्नॅक आणि तीन जेवणे शिल्लक होती. हॉटेलच्या फूड कोर्टमध्ये मी पाकीटबंद बिस्किटे आणि चॉकलेटे टोपलीत भरत होते, मागे मुलगा पेंगत उभा होता, आणि सासूबाईंनी शांतपणे विचारले, “एवढे कुणासाठी गं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन जेवणे तशीच गेली.

तेव्हा एजंटाला आज होकार देऊ नका. त्याच्याकडून खोलीनिहाय दोन दरपत्रके मागा, एक योजनेसह आणि एक योजनेविना, आणि दोन्हींतला फरक रुपयांत लिहून घ्या. मग घरातल्या प्रत्येकाला वेगळे बसवून विचारा की, सुट्टीत तू दिवसातून किती वेळा पोटभर जेवतोस, आणि उत्तर आले तसेच, त्यात भर न घालता, लिहा. खोली आणि तिकिटे यांचे पॅकेज झाल्यावरही प्रवासाआधी योजना जोडता येते, त्यामुळे घाई करण्याचे काही कारण नाही. घाई करायची ती टेबलाच्या आरक्षणाची, कारण योजना घेतली म्हणून टेबल मिळत नाही. आरक्षण साठ दिवस आधी तिथल्या पहाटे सहाच्या सुमारास उघडते, म्हणजे तिथली घड्याळे उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली असतील, तर नाशिकला दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. त्या दिवशी लेकीला हवा असलेला बुफे मिळतो का ते पाहा आणि तो मिळाला, तरच टेबलाच्या योजनेचा विषय पुन्हा काढा.